गाळलेले शब्द



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांच्या वर्गात मी तीन वर्षं बसले. सर फळ्याकडे पाठ करून उभे राहत, वाक्य पूर्ण करत आणि थांबत. त्या थांबण्यात 'काय?', 'समजलं ना?', 'लक्षात येतंय का?' असं काहीच नसे. ती जागा आम्हाला विचार करण्यासाठी ठेवलेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. म्हणून त्यांच्या नावानं बोलायचं ठरल्यावर मी विषय घेतला तो या मधल्या जागांचा. बोलता बोलता त्या जागांत आपण जे शब्द भरतो, ज्यांचा ऐकणाऱ्याला वीट येतो, त्या शब्दांचा.

विषय कळल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी मला आपापली यादी सांगितली. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'या ठिकाणी', 'कुठेतरी', 'नक्कीच', 'त्याचं काय आहे ना', 'मी काय म्हणतो', 'म्हणजे म्हणजे', 'ते आपलं हे'. एका बाईंनी सांगितलं की त्यांचे शेजारी दर वाक्याला 'खरं सांगू का' म्हणतात आणि त्यामुळे जिन्यात भेटायचीसुद्धा भीती वाटते. लोकांचा हा राग खरा आहे. वीस मिनिटांच्या बोलण्यातली सात मिनिटं अशा शब्दांत गेली की ऐकणाऱ्याचे प्राण कंठाशी येतात. पण या सगळ्या शब्दांना एकाच दावणीला बांधायला माझा विरोध आहे, आणि त्या विरोधाला कारण आहे माझ्याच हातून झालेली एक चूक. ती आधी सांगते.

मी गेली अठ्ठावीस वर्षं शब्दांकन करते. कोणी बोलतं, मी ते ध्वनिमुद्रित करते, पुन्हा पुन्हा ऐकते आणि कागदावर उतरवते. दिवाळी अंकातल्या आठवणींच्या लेखाखाली बारीक अक्षरात 'शब्दांकन' असं लिहून एक नाव दिलेलं असतं, तेच हे काम. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग एकाच प्रश्नात जातो: हा शब्द ठेवायचा की गाळायचा? सुरुवातीच्या वर्षांत मला त्यात प्रश्नच दिसत नसे. शब्दांकन म्हणजे निंदणी, असं मी मानत असे. तण उपटलं की पीक दिसतं.

त्या काळात मी पुण्यातल्या एका आजींच्या आठवणी उतरवल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. लग्नाला वर्ष झालेलं. घरात नवरा, दीर आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या दिवसाला चाळीस वर्षं उलटून गेल्यावर आजींनी मला सांगितलं, ते असं: "सकाळी धरण फुटलं म्हणे. आता नदीला पाणी तर दर पावसाळ्यात येतंच. मी आपली पातेली उचलून फळीवर ठेवत होते." मी छापलं, ते असं: "सकाळी धरण फुटलं. नदीला दर पावसाळ्यात पाणी येतं. मी पातेली उचलून फळीवर ठेवत होते." वाक्यं नीट झाली होती. वाचायला स्वच्छ वाटत होती.

पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा दोघा पुरुषांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचललं आणि छातीएवढ्या पाण्यातून उंचावर नेलं. त्या त्यानंतर महिनाभरही जगल्या नाहीत. त्या घरात पुढे कितीतरी वर्षं एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढत राहिला: सुनेनं त्यांना आधीच का हलवलं नाही? हे मला ठाऊक नव्हतं. लेख छापून आल्यावर आजींच्या मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती, आणि त्यामुळे तिचं बोलणं मला जास्त लागलं. ती म्हणाली, "तुमच्या लेखात आईला माहीत होतं. धरण फुटल्याचं माहीत असून ती भांडी आवरत बसली, असा त्याचा अर्थ होतो. आईनं फक्त ऐकलं होतं हो."

मी ध्वनिफीत पुन्हा लावली. 'म्हणे' तिथे स्पष्ट होतं. 'आपली'ही होतं. हे दोन शब्द मी तण म्हणून उपटले होते, आणि त्यांच्याबरोबर त्या बाईचं निर्दोषपणही उपटलं होतं.

'म्हणे' हा शब्द काय करतो ते पाहा. 'तो गावाला गेला' आणि 'तो गावाला गेला म्हणे' या दोन वाक्यांत घटना एकच आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा एवढं जास्त सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, माझ्या कानावर आलं आहे, खरंखोटं तुम्ही ठरवा. अडीच अक्षरांत केवढी जबाबदारीची वाटणी! जगातल्या काही भाषांत माहिती कुठून आली हे क्रियापदाच्या रूपातच सांगावं लागतं, त्यावाचून वाक्य पुरं होत नाही. मराठीत तशी सक्ती नाही. सक्ती नसताना आपल्या आयाबाया आणि शेतावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द जिथल्या तिथे ठेवत आली आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्यानं ऐकीव गोष्ट आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट यांत जी रेघ ओढली, तीच रेघ हा शब्द रोजच्या बोलण्यात ओढतो. तो गाळणं म्हणजे साक्ष बदलणं.

आणि 'आपली'? 'मी पातेली उचलत होते' यात एक बाई काम करताना दिसते. 'मी आपली पातेली उचलत होते' यात तिच्याभोवतीचं घर दिसतं. निर्णय घेणारी माणसं दुसरी आहेत, बाहेर काय चाललंय ते तिला कोणी सांगत नाही, तिच्या वाट्याला जे काम आलंय ते ती मुकाट्यानं करते आहे. एका शब्दात १९६१ मधल्या वीस वर्षांच्या सुनेची अख्खी जागा आली. मी लेखात परिच्छेदभर लिहून ती दाखवू शकले नसते.

आपल्या शाळेच्या व्याकरणात या शब्दांना जागा आहे, पण ती अगदी दाराशी. केवलप्रयोगी अव्ययांचे हर्षदर्शक, शोकदर्शक, संमतीदर्शक असे प्रकार सांगून झाले की शेवटी दोन नावं येतात. एक 'व्यर्थ उद्गारवाची' आणि दुसरं 'पादपूरणार्थक अव्यये किंवा पालुपदे'. 'बरं का', 'म्हणे', 'आपला', 'बापडा', 'जळलं मेलं' हे सगळे तिथे दाटीवाटीनं बसलेले असतात. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं आजही ही यादी पाठ करतात. पादपूरण म्हणजे चरण भरून काढणं. ही कल्पना फार जुनी आहे. यास्कानं निरुक्तात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केले, आणि निपातांपैकी काहींचं काम नुसतं पद भरण्याचं आहे असं सांगितलं. वेदांतले 'कम्', 'ईम्', 'इत्', 'उ' हे त्यातले. पण छंदात चरण भरण्यासाठी येणारा शब्द आणि बोलताना मन भरून आल्यावर येणारा शब्द यांना एकच नाव दिल्यानं आपलं नुकसान झालं आहे, असं मला वाटतं. 'बापडा' या शब्दानं कुठला चरण भरतो? 'तो बापडा काय करणार' म्हणताना बोलणारा त्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो. त्या शब्दाला व्याकरणानं पालुपद म्हटलं, तरी माझ्या लेखी ती बाजू घेणं आहे.

शब्दांकन हा माझा धंदा असल्यामुळे मला या बाबतीत दोन पूर्वजांची फार आठवण येते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. ती बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असं तिच्या शेवटीच सांगितलं आहे. त्या ग्रंथात 'पैं', 'गा', 'जी' किती वेळा येतात ते वाचणाऱ्याला सांगायला नको. अर्जुनाला हाक मारताना 'गा', गुरूंकडे आणि श्रोत्यांकडे वळताना 'जी'. अर्थाच्या हिशेबानं पाहिलं तर ते काढून टाकले तरी तत्त्वज्ञान जागच्या जागी राहील. पण मग कोण कोणाकडे तोंड करून बोलतंय हे कळणार नाही, आणि भर सभेत सांगितलेली गोष्ट एकट्यानं लिहिलेल्या पोथीसारखी होईल. दुसरे म्हाइंभट. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं त्यांना गाठून गोळा केल्या, आणि सांगणाऱ्यांमध्ये फरक पडला तिथे तो फरकही लीळाचरित्रात नोंदवला. मराठी गद्याची सुरुवात अशी, 'कोण सांगतं' याची काळजी घेत झालेली आहे. मी 'म्हणे' गाळला तेव्हा या वारशाला धक्का लावला, ही माझी भावना आहे.

आता 'ते आपलं हे' कडे येते. सगळ्यात जास्त चेष्टा होते ती याचीच. घरातलं म्हातारं माणूस 'अगं ती ही दे ना, ती… ही' म्हणत हात हलवतं आणि नातवंडं हसतात. त्या नातवंडांना मला एक गोष्ट दाखवायची आहे. आजोबा 'ती ही' म्हणाले. 'तो हा' म्हणाले नाहीत, 'ते हे' म्हणाले नाहीत. त्यांना पक्कड हवी होती. लाटणं हवं असतं तर आजी 'ते हे' म्हणाली असती, झारा हवा असता तर 'तो हा'. म्हणजे शब्द सापडायच्या आधीच त्याचं लिंग सापडलेलं आहे! १९९७ साली इटालियन भाषेवर झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं: नाव ओठांवर येऊन अडलं असतानाही माणसांना त्या नावाचं व्याकरणातलं लिंग बहुतेक वेळा बरोबर सांगता आलं. मराठीला तीन लिंगं आहेत आणि आपल्या या मधल्या शब्दाला विभक्तीही लागते. 'त्या ह्याला सांग', 'तिच्या ह्यात ठेवलंय', 'जरा ते हे करून टाक'. नाव सोडून वाक्यातलं सगळं तयार आहे, फक्त एक वीट बसायची आहे. ज्याला आपण गोंधळ समजतो ते खरं तर फार नीटनेटकं काम आहे.

ही वीट वेळेवर का बसत नाही? दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास वेळ जातो. चित्रातली साधी वस्तू ओळखून तिचं नाव उच्चारायला मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आपण सगळेच पुढचा शब्द हातात येण्याआधी बोलायला तोंड उघडतो. मधलं अंतर कशानं तरी भरावं लागतं, नाहीतर समोरचा समजतो की आपलं संपलं आणि तो सुरू होतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यातल्या 'अ' आणि 'अम्' या आवाजांबद्दल दाखवून दिलं की छोट्या अडखळीआधी पहिला येतो आणि मोठ्या अडखळीआधी दुसरा. थोडं थांबा की जास्त थांबा, हे बोलणारा ऐकणाऱ्याला आधीच कळवत असतो. आपल्या 'म्हणजे', 'ते आपलं', 'काय म्हणतात त्याला' यांच्याकडे मी तेव्हापासून असंच पाहते. हे शब्द म्हणजे दारावर लावलेली कडी नव्हे, दारात ठेवलेला पाय आहे: दार लोटू नका, मी येतोय.

म्हणून अडखळणाऱ्या माणसाचा शब्द मी आता तोडत नाही, आणि इतरांनाही तोडू नका असं सांगते. लहान मुलाचं 'आणि मग… आणि मग…' सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते मूल काळाची माळ ओवायला शिकत असतं. त्याला मध्येच 'किती वेळा आणि मग म्हणशील?' असं विचारलं की दोरा हातातून सुटतो. मी अशी पाच-सहा वर्षांची मुलं पाहिली आहेत जी त्यानंतर गोष्ट सांगायचंच टाळतात.

पोवाडा ऐकताना मला दर वेळी वाटतं की आपल्या परंपरेला माणसाच्या दमाची जाण होती. शाहीर कडवं टाकतो, आणि मागचे झीलकरी 'जी जी जी' उचलतात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि पुढची ओळ जुळवायला सवड मिळते. कीर्तनात बुवा थांबले की टाळकरी विठ्ठलनामाचा गजर करतात. थांबायची जागा ठरलेली, आणि ती भरायची जबाबदारी एकट्या बोलणाऱ्यावर नाही. जात्यावरच्या ओव्यांमधले 'गं' आणि 'बाई' हेही तसेच. जात्याचा फेरा पुरा होईपर्यंत शब्द टिकायला हवा. दळणाऱ्या बाईनं त्यासाठी समोरच्या सखीला हाक मारली. फेराही भरला आणि सखीही बोलण्यात आली.

मग माझा राग कशावर आहे? तो आहे, आणि चांगलाच आहे. तो आहे शब्द शोधताना येणाऱ्या शब्दांऐवजी, शब्द शोधायचा कंटाळा करून वापरलेल्या शब्दांवर.

पहिला मान 'या ठिकाणी'चा. 'मी या ठिकाणी आपणा सर्वांचं स्वागत करतो, या ठिकाणी मान्यवर उपस्थित आहेत, त्यांच्या माध्यमातून या ठिकाणी हे काम झालेलं आहे.' सभांची ध्वनिमुद्रणं उतरवताना मी हा शब्द इतक्यांदा ऐकला आहे की पहिल्या दहा मिनिटांनंतर मोजणं सोडून द्यावं लागतं. 'इथे' हा दोन अक्षरांचा सरळ शब्द असताना तो का चालत नाही? कारण 'इथे' म्हटलं की 'इथे काय?' हे लगेच सांगावं लागतं. 'या ठिकाणी' म्हणताना मात्र भाषणाचा आवाज निघतो, छाती पुढे येते आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी वाक्य भारदस्त वाटतं. तीच गत 'च्या माध्यमातून'ची. पंचायतीनं रस्ता केला, असं म्हटलं की रस्ता कोणी केला ते कळतं, आणि तो उखडला तर कोणाला विचारायचं तेही कळतं. पंचायतीच्या माध्यमातून रस्ता झाला, की करणारा गायब. आजींच्या 'म्हणे'मध्ये माणूस स्वतःच्या माहितीची मर्यादा सांगत होता. इथे माणूस स्वतःलाच वाक्याबाहेर काढतो.

'कुठेतरी' मला यापेक्षाही जास्त खुपतो. 'कुठेतरी आपण कमी पडलो', 'कुठेतरी व्यवस्था चुकते आहे', 'कुठेतरी मनाला वेदना होतात'. गेल्या पंचवीसेक वर्षांत चर्चांच्या कार्यक्रमांतून हा शब्द घराघरांत पोचला आहे. स्थळ सांगणारं क्रियाविशेषण, आणि त्याचं काम नेमकं स्थळ लपवण्याचं! कुठे कमी पडलो? कोणत्या खात्यात, कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीनं? मूल रुग्णालयात दगावलं आणि त्यावर एखादा जबाबदार माणूस 'कुठेतरी त्रुटी राहिली' म्हणाला, तर त्या आईला काय वाटत असेल? तिला ते ठिकाण ठाऊक असतं. खोली ठाऊक असते, खाट ठाऊक असते. असं बोलणं ऐकलं की माझ्या मनात राग येतो, आणि तो आवरावा असं मला वाटत नाही.

'नक्कीच'बद्दल मी थोडी मऊ आहे. वार्ताहर थेट प्रक्षेपणात उभा असतो, स्टुडिओतून विचारतात, "किती जण अडकले आहेत?" आणि तो म्हणतो, "नक्कीच, या ठिकाणी आपण पाहतोय…" प्रश्नाला हे उत्तर नव्हे. पण कारण समजून घ्या. संदेश उपग्रहामार्गे येत असेल तर तो सुमारे ३६,००० किलोमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. नुसत्या या प्रवासाला पाव सेकंद लागतो, उत्तर परत जायला आणखी पाव, आणि मधल्या यंत्रांचा वेळ वेगळा. पडद्यावर वार्ताहर गप्प, खुळ्यासारखा उभा दिसतो. ती शांतता झाकण्यासाठी कान प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच तोंड 'नक्कीच' म्हणून मोकळं होतं. यात वार्ताहराचा दोष कमी आणि शांततेला घाबरणाऱ्या माध्यमाचा जास्त. दुःख एवढंच की पडद्यावरची ही सवय आता महाविद्यालयीन मुलांच्या मुलाखतींत उतरली आहे, जिथे मध्ये कुठलाही उपग्रह नसतो.

शिक्षकांची एक सवय मात्र मला सोडवत नाही. 'पृथ्वी सूर्याभोवती काय करते? फिरते. फिरायला तिला किती दिवस लागतात? तीनशे पासष्ट. म्हणजे याला आपण काय म्हणतो? वर्ष म्हणतो.' प्रश्न विचारायचा, अर्धा श्वास थांबायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं. मुलं सुरात शेवटचं अक्षर जोडतात: 'ते', 'र्ष'. शिकवणीवर्गांतून आणि आता मोबाइलवरच्या शिकवण्यांमधून ही पद्धत सर्वदूर पसरली आहे. प्रश्न हा विचार करायला लावणारा असतो, हे त्या मुलांना कळणार कसं? त्यांच्या कानांवर रोज शंभर प्रश्न पडतात आणि त्यांतला एकही त्यांना विचारलेला नसतो. सरांची ती शांत जागा मला इथे आठवते. प्रश्न विचारून ते खिडकीपाशी जात. कुणी बोलेपर्यंत तिथेच उभे राहत.

इंग्रजी शब्दांबद्दल मी मुद्दाम थोडंच बोलणार आहे, कारण यादीत सगळ्यांनी त्यांनाच वर ठेवलं होतं. 'ॲक्च्युअली' परका आहे म्हणून मला त्याचा त्रास होत नाही. 'खरं म्हणजे', 'वास्तविक', 'तसं पाहिलं तर' हेही उगाच येऊ शकतातच. मला हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आपल्याकडे या मधल्या जागांसाठी केवढे रंग होते! लाडानं पटवून घेणारं 'किनई', सावध करणारं 'बरं का', कीव करणारं 'बापडं', वैतागलेलं 'मेलं', मालवणीतलं 'मगे', वऱ्हाडातलं 'बाप्पा', कोल्हापूरकडचं 'मर्दा'. शब्द ऐकला की बोलणारा कुठला, कोणत्या वयाचा, समोरच्याशी त्याचं नातं काय, हे डोळे मिटून सांगता येई. त्या सगळ्यांच्या जागी आता एकटा 'ॲक्च्युअली' काम करतो, आणि नात्याबद्दल तो काहीच सांगत नाही. माझ्याकडच्या जुन्या ध्वनिफितींमध्ये 'किनई' भरपूर आहे. गेल्या दहा वर्षांच्या मुद्रणांमध्ये मला तो क्वचितच ऐकू आला.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना संध्याकाळी सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसून दीड तास ऐकायची सवय लागली. ऐकणाऱ्यानं दिलेला हा दीड तास ही फार मोठी ठेव आहे. कामावरून थेट आलेली माणसं इथे असतात. घरचा स्वयंपाक पुढे ढकलून आलेल्या बाया असतात. त्यांच्यापुढे उभं राहणाऱ्यानं विचार करताना थांबावं, अडखळावं, 'ते आपलं' म्हणावं, शब्द बदलून घ्यावा. त्याचा कोणालाही राग येत नाही, कारण समोर एक माणूस विचार करताना दिसतो. पण त्यानं विचार न करता वेळ भरून काढू नये.

माझी विनंती दोघांना आहे. जे व्यासपीठावर, वर्गात, पडद्यावर बोलतात त्यांनी आपलं एखादं भाषण स्वतः उतरवून काढावं, कोणाकडून काढून घेऊ नये. स्वतःच्या हातानं विसाव्यांदा 'या ठिकाणी' लिहिताना जे वाटतं ते कोणाच्या सांगण्यानं वाटणार नाही. आणि ज्यांच्या घरात बोलणारी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी ती बोलत असताना मोबाइलवर आवाज घेऊन ठेवावा, पूर्ण, कापाकापी न करता. त्यांनी कुठे 'म्हणे' म्हटलं, कुठे 'आपलं' म्हटलं, कुठे 'ते हे' म्हणत थांबली, ते सगळं राहू द्यावं. उतरवायची वेळ आली आणि एखादा शब्द निरर्थक वाटला, तर गाळायच्या आधी घरातल्या कोणाला तरी ते वाक्य त्या शब्दासह आणि त्या शब्दावाचून, असं दोनदा वाचून दाखवावं. ज्यानं त्या माणसाला जवळून ऐकलं आहे तो लगेच सांगतो.

आजी २००९ मध्ये गेल्या. त्यांच्या आठवणी पुढे पुस्तकात आल्या तेव्हा पहिल्या आवृत्तीत माझी ती स्वच्छ केलेली वाक्यंच छापली गेली होती, कारण मजकूर आधीच जुळवून झाला होता. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं मी स्वतः मागवून घेतली. त्या पानावर दोनच दुरुस्त्या केल्या. 'फुटलं' नंतर 'म्हणे' घातलं, 'मी' नंतर 'आपली' घातलं, आणि छापून आलेली पहिली प्रत त्यांच्या मुलीला नेऊन दिली.